स्टॅग फील्ड १:२०० – चौकटी अखेर बसल्या, आणि आता बेसच बदलावा म्हणतोय

मंडळी, चौकटी बसल्या! तेवीस आडव्या रेघा, अकरा उभ्या. कुठे रंग फुटलेला नाही, कुठे गवतासाठी लावलेला भुसा उचकटलेला नाही. पावसाळाभर ज्या मैदानाने मला अडवून ठेवलं होतं ते आता टेबलावर सपाट पडलंय, आणि येता-जाता मी त्याच्याकडे बघत उभा राहतो.

मॉडेल आधी सांगितलं तेच, शिकागो विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं जुनं मैदान. तारीखही तीच, ३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंग, शिकागो २ – मिशिगन ०. कोच योस्टच्या मिशिगनने त्याआधी सलग ५६ सामन्यांत हार पाहिली नव्हती. त्या अख्ख्या सीझनमध्ये त्यांच्यावर एकूण दोनच गुण झाले, आणि ते दोन या मैदानावर. स्टॅग १८९२ ते १९३२ अशी एक्केचाळीस वर्षं इथे कोच होते, बिग टेन या विद्यापीठांच्या लीगची सात विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. पण एकच दिवस निवड म्हटलं तर मी हाच निवडणार. तेव्हा मैदानाला मार्शल फील्ड म्हणत, जागा देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावावरून. स्टॅग यांचं नाव पुढच्या दशकात लागलं.

आता अडचण. फुटबॉलच्या मैदानावर उभ्या रेघा कशाला, असं काही जणांनी विचारलं होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे क्वार्टरबॅकला (ज्याच्याकडे चेंडू आधी येतो त्या खेळाडूला) चेंडू घेऊन नाकासमोर पळता येत नसे. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होते त्या जागेपासून पाच यार्ड बाजूला सरकायचं आणि मगच पुढची रेषा ओलांडायची. ते पाच यार्ड झाले की नाही हे पंचाला कळावं म्हणून साइडलाइनला समांतर रेघा मारल्या जात. १९१० मध्ये ती अट गेली आणि तिच्याबरोबर उभ्या रेघाही गेल्या. म्हणजे १९०५ दाखवायचं तर बुद्धिबळाच्या पटासारखं मैदान केल्याशिवाय सुटका नाही.

मोजमाप: लांबी ११० यार्ड, म्हणजे ३३० फूट, आपल्या स्केलवर ५०३ मिमी. रुंदी १६० फूट, म्हणजे २४४ मिमी. पाच यार्डांचे २२.८६ मिमी. लांबीला हिशोब चोख बसतो, बरोबर बावीस पट्टे. रुंदीला मात्र बसत नाही. १६० ला १५ ने भागलं की दहा चौकटी होतात आणि दहा फूट उरतात. एका साइडलाइनपासून मोजायला घेतलं तर सगळे दहा फूट पलीकडच्या काठाला जमा होतात आणि मैदान एका बाजूला कललेलं दिसतं. म्हणून मी मधली रेघ गोलपोस्टच्या मध्यातून धरली आणि दोन्हीकडे पाच-पाच चौकटी टाकल्या. काठाला पाच फुटांची, म्हणजे ७.६ मिमीची, अरुंद पट्टी राहते. कोणत्याही टोकाकडून बघा, मैदान सारखंच दिसतं. आणखी एक: प्रत्येक रेघ शून्यापासून मोजा, आधीच्या रेघेपासून नको. .८६ मधला बारीकसा फरक बावीस पट्ट्यांत साठत जातो आणि शेवटी गोललाइन हलते.

कागदावर हे सोपं होतं. भुशावर रेघ मारणं मात्र छळवाद होता. पांढरं जेल पेन भुशात झिरपतं आणि रेघेची मिशी होते. वरून मास्किंग टेप लावला तर काढताना भुसा टेपबरोबर येतो. शिवणाचा पांढरा दोरा ताणून चिकटवला; लांबून छान दिसला, पण आडवे-उभे दोरे एकमेकांवर चढतात तिथे गाठ उठते. असे २५३ छेद आहेत. बाजूने दिवा धरला की मैदानावर जाळं टाकल्यासारखं वाटतं. मग लेझर कटिंगवाल्याकडून स्टेन्सिल करून घेतलं. त्याने कडा जाळून दिल्या आणि पैसे पूर्ण घेतले. अर्ध्या मिमीच्या कामाला लेझरचा आग्रह धरू नका, हे माझं ठाम मत.

सुटका झाली ती क्रम उलटा केल्यावर. माऊंटबोर्डवर आधी पांढरा रंग, दोन हात. त्यावर रेघांच्या जागी बारीक पट्ट्या चिकटवायच्या. त्यावर गोंद, गोंदावर भुसा. गोंद अर्धवट ओला असतानाच पट्ट्या ओढून काढायच्या, की खालचा पांढरा उघडा पडतो. रेघ गवताच्या किंचित खाली राहते, कड धारदार येते आणि तिरक्या उजेडात सावलीही बरोबर पडते, कारण खऱ्या मैदानावरही चुना गवताच्या बुडाशीच असतो.

पट्टी कुठली, यातही बराच वेळ गेला. नेलआर्टची पट्टी तुळशीबागेत मिळते, पण ती एक मिमीची. १:२०० ला म्हणजे वीस सेंटिमीटरची रेघ, फार जाड. शेवटी नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमच्या दुकानात गेलो. त्यांच्या प्लॉटरवर व्हिनाइलच्या अर्ध्या मिमीच्या पट्ट्या निघतात, फक्त पातं नवं हवं आणि शीट ताजं. आधी ते विचारा, मगच फाइल द्या. अख्खी जाळी एका तुकड्यात कापून घेण्याचा मोह होईल, तो आवरा. उचलताना ती ताणली जाते. सुट्या पट्ट्या बऱ्या. आडव्या आधी लावा, उभ्या नंतर. काढताना उलट: उभ्या आधी, म्हणजे छेदावर काही अडकत नाही. कोरड्या हवेत साधारण वीस मिनिटांनी ओढायला घ्या. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट थांबावं लागतं आणि दमटपणाने बोर्डही वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात रंग द्यायचा, की दोन्हीकडून सारखा ताण येतो.

रंगाचंही सांगतो. रेल्वे मॉडेलवाल्यांचं तयार फ्लॉक, म्हणजे कृत्रिम गवताची भुकटी, मी बाजूला ठेवलं. महाग तर आहेच, शिवाय ते वसंतातल्या कुरणासाठी बनवलेलं हिरवं आहे. नोव्हेंबरअखेरच्या शिकागोत असं गवत कुठून येणार? सुताराकडचा बारीक भुसा चहाच्या गाळणीने चाळला, खाकी आणि थोड्या शेवाळी पोस्टर कलरमध्ये भिजवून वाळवला. मैदानाच्या मध्यावर, जिथे सगळी झोंबाझोंबी चालते, तिथे मातकट जास्त ठेवलाय.

गोलपोस्ट पहिल्याच बैठकीत जमले, त्याचा आनंद वेगळा. ०.८ मिमीची पितळी तार, खांबांमध्ये २८ मिमी, आडवा दांडा १५ मिमीवर. मूळ माप साडेअठरा फूट आणि दहा फूट. ते गोललाइनवरच उभे आहेत, मागे नाहीत. १९०५ ला गोललाइनमागे आखलेला पट्टा, म्हणजे एंड झोन, नव्हताच, तो १९१२ च्या नियमांबरोबर आला.

इथेच एक मोठी गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि पुढचा सगळा बेत तिने फिरवला. ते दोन गुण झाले कुठे? शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलचा पंट (हातातून सोडून मारलेली लांब किक) मिशिगनच्या डेनी क्लार्कने स्वतःच्या गोललाइनमागे घेतला आणि चेंडू बाहेर काढायला तो धावला. मार्क कॅटलिन आणि आर्ट बॅडेनॉक यांनी त्याला मागे लोटला. चेंडूवाला स्वतःच्याच गोललाइनमागे अडवला गेला की ती सेफ्टी, समोरच्या टीमला दोन गुण. त्या एका धावेने क्लार्कचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. म्हणजे ज्या जागेसाठी हे मॉडेल आहे ती माझ्या चौकटींच्या बाहेर आहे! ५०३ मिमीच्या पुढे, जिथे मी बेस संपवला होता तिथे. ती जागा हवीच. दोन्ही टोकांना निदान तीस-चाळीस मिमीची तुडवलेली माती दाखवायला हवी.

आणि बेस वाढवायचाच, तर मग थोडा जास्तच का नको? हे लिहिता लिहिताच सुचतंय. १९१२ नंतरचं मैदान एंड झोनसकट १२० यार्डांचं, म्हणजे ५४९ मिमी. बेस सहाशेचा केला तर मैदानाची प्लेट सुटी ठेवून खालून मॅग्नेट लावता येतील. एक प्लेट १९०५ ची. दुसरी १९३५ ची: उभ्या रेघा नाहीत, गोलपोस्ट एंडलाइनवर, म्हणजे एंड झोनच्या मागच्या रेघेवर, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी आलेल्या हॅश मार्क्ससह (चाल सुरू करताना चेंडू कुठे ठेवायचा ते दाखवणाऱ्या आखूड खुणा). शिकागोच्या जे बरवँगरचं ते वर्ष. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची, पुढे हाइसमन म्हणून ओळखली गेलेली ट्रॉफी सर्वांत आधी त्याला मिळाली, आणि १९३६ च्या पहिल्यावहिल्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीमांच्या खेळाडू-निवडीत) पहिलं नावही त्याचंच निघालं. व्यावसायिक तो कधी खेळलाच नाही. त्या सीझनमध्ये शिकागो चार जिंकले आणि चार हरले, हेही त्या प्लेटसोबत दिसलं पाहिजे. कारण विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष हचिन्स यांनी एका फटक्यात इथला फुटबॉल संपवला, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. शेवटचं बिग टेन विजेतेपद १९२४ चं. १९३९ ला हार्वर्डकडून ०–६१, मिशिगनकडून ०–८५, ओहायो स्टेटकडून ०–६१. त्या डिसेंबरमध्ये विश्वस्तांनी टीम बंद केली तेव्हा पंधरा वर्षांची घसरण मागे होती. कोच क्लार्क शॉनेसी तर लगेच स्टॅनफर्डला गेले आणि १९४० ला तिथे एकही सामना हरले नाहीत. माणसात खोट नव्हती, इथली जमीनच निसटली होती.

मग तिसरी प्लेट १९४२ ची, रेघांशिवाय. आणि पश्चिमेचं स्टँड उचलून बाजूला ठेवता येईल असं. त्याखालच्या रॅकेट्सच्या बंद कोर्टात २ डिसेंबर १९४२ ला भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. कोर्ट ६० बाय ३० फूट, उंची २६ फूट, म्हणजे ९१ × ४६ × ४० मिमी. एवढ्या जागेत त्यांची अणुभट्टी, म्हणजे सुमारे ४५ हजार ग्राफाइट ठोकळ्यांचा ढीग दाखवायचा. एकेक ठोकळा शक्य नाही, पण काळ्या कार्डशीटचे थर कापून एकावर एक रचले तर पोत येईल. वीस फुटांचा ढीग तीस मिमीचा होतो. ०.३ मिमीच्या शंभर थरांत भागेल.

गुंता असा की १९०५ चे स्टँड लाकडी आणि पश्चिमेचं बुरुजांचं दगडी स्टँड त्यानंतरचं. म्हणजे पश्चिम बाजू दोनदा करावी लागणार, आणि लाकडी आवृत्तीही तशीच सुटी ठेवावी लागणार. आधी मी दगडी भिंत सनबोर्डमध्ये कोरणार होतो. आता वाटतं एमडीएफचा गाभा आणि वर टेक्स्चर पेस्ट बरी, कारण वारंवार काढता-घालताना सनबोर्डच्या कडा दबतात. १९६९ ला टीम परत आली, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये अजून खेळते, पण दुसऱ्या मैदानावर. जुन्या जागेवर आज रेगेनस्टाईन ग्रंथालय आहे. त्यामुळे चौथी प्लेट नको.

पुढचा क्रम: सहाशेचा बेस कापून आणणं, १९०५ ची प्लेट त्यावर बसवणं, गोललाइनमागची माती. मग स्टँड. मॅग्नेटबद्दल मात्र मदत हवी. दोन मिमीच्या माऊंटबोर्डखाली तीन मिमीची चकती पुरते का? ज्यांनी सुटे भाग असलेली मॉडेलं केली आहेत त्यांनी जाडी आणि एकमेकांतलं अंतर दोन्ही सांगा. बेस कापायला देण्याआधी खाचा आखून घ्यायच्या आहेत.