आणि हिरवा?

मी १९९१ च्या दहावीचा, ब तुकडी, शेवटून दुसरा बाक. स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला, सहल आणि गॅदरिंगवर बाकीचे लिहितीलच, म्हणून मी आपला दुर्बिणीवर लिहितो. दुर्बीण पण कसली, पुठ्ठ्याची.

सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापड दुकानातून तागा गुंडाळायची नळी फुकट मिळाली, चष्म्याच्या दुकानातून प्लस एक नंबरची काच आणली (प्लस एक म्हणजे फोकस एक मीटरवर), डोळ्याकडं घड्याळजीचं जुनं भिंग. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, रात्री गच्चीवर गेलो. चंद्र उलटा दिसला, खड्डे पण दिसले, पण कडेला जांभळट झालर, नळी कितीही पुढंमागं केली तरी जाईना. मित्र म्हणाला, काय करलालास बे, काच पूस की! आधी शर्टानं पुसली, मग आईच्या जुन्या सुती साडीनं. झालर तशीच.

विज्ञानाच्या सरांना विचारलं तर त्यांनी उत्तर दिलंच नाही, कपाटातून गॅदरिंगच्या लाईटला लावायचे जिलेटीन पेपर काढले, लाल आणि निळा, म्हणाले लांबच्या दिव्यावर एकेक लावून फोकस कर आणि नळीवर पेन्सिलनं खूण कर. दोन खुणांत सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर आलं! निळा भिंगाच्या जवळ, लाल लांब. काच निळ्याला जास्त वाकवते, म्हणजे साध्या भिंगाला सगळ्या रंगांचा मिळून एक फोकस नसतोच. शाबासकीची वाट बघत नळी दाखवली तर सर म्हणाले, "आणि हिरवा?" हिरवा पेपर गॅदरिंगमध्येच फाटला होता, ते राहिलं ते राहिलंच.

न्यूटनलासुद्धा ही झालर काचेत जाणार नाही असंच वाटलं आणि तो १६६८ मध्ये आरशाच्या दुर्बिणीकडं वळला. मग १७३३ च्या सुमारास चेस्टर मूर हॉल नावाच्या वकिलानं झालर घालवणारी दोन प्रकारच्या काचांची जोडी जमवली, गुपित राहावं म्हणून दोन भिंगं दोन वेगळ्या दुकानांत घासायला दिली आणि दोघांनीही काम दिलं एकाच कारागिराला, जॉर्ज बासला! नवी पेठेत हे दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं, लंडनमध्ये जॉन डॉलंड नावाच्या भिंगवाल्यानं या जोडीचं पेटंट घेईपर्यंत १७५८ उजाडलं.

आता पुण्यात मी हेच काम करतो, भिंगं डिझाईन करायचं. एक मीटर फोकससाठी क्राऊन काचेचं (रंग कमी फाकवणारी) फुगीर भिंग साधारण ४३ सेंटीमीटर फोकसचं आणि त्याला चिकटून फ्लिंट काचेचं खोलगट, उणे ७६ फोकसचं. फ्लिंट रंग फार फाकवते, त्यामुळं तिचं कमजोर उलटं भिंगसुद्धा क्राऊननं फाकवलेले रंग परत गोळा करतं, पण वाकवणं सगळं रद्द होत नाही, उरतं त्याच्यावर दुर्बीण चालते. नोकरीत पहिल्यांदा स्क्रीनवर लाल आणि निळा एका जागी आणले, खूश झालो, साहेबांना हाक मारणार तेवढ्यात हिरव्याची रेघ दिसली. अर्धा मिलीमीटर अलीकडंच. मी खुर्चीतच हसायला लागलो, शेजारचा बघतोय. तो अर्धा मिलीमीटर घालवायला ईडी काच (रंग फारच कमी फाकवणारी) नाहीतर फ्लोराईटचा स्फटिक लागतो, आणि त्याचं कोटेशन आलं की साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नळी अजून आईकडं माळ्यावर आहे, दोन्ही खुणा दिसतात. समारंभाला येताना हिरवा जिलेटीन पेपर आणतोय.