पाय ब्रेकवर, क्लच हातात

अठरा-वीस वर्षं ट्रॅक्टरचीच कामं करतोय, क्लच प्लेटा किती बदलल्या त्याचा हिशोबच नाही, पण सगळे क्लच पायाने दाबायचे. हँड क्लचचा ट्रॅक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हातात आला. जुना जॉन डिअर मॉडेल बी, दोन आडवे सिलेंडर. दोन्ही सिलेंडर लागोपाठ पेटतात आणि मग मोठी गॅप, म्हणून फट-फट... फट-फट असा आवाज, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं मिसिंग आहे, मधेच पेटायचं चुकतंय. तसं नाही, त्याची चालच ती.

तक्रार साधी होती. मोकळा पळतो, नांगर जमिनीत घातला की इंजिन त्याच तालात आणि ट्रॅक्टर जागेवर, वर जळका वास. म्हणजे क्लच स्लिप मारतोय, प्लेटा घसरतात आणि इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. मी सवयीने खाली वाकून बेल हाऊसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर, शोधायला लागलो तर मालक काका म्हणाले, "मेस्त्री, तिकडं काही नाही, क्लच पुलीत आहे." उजव्या बाजूची पट्ट्याची मोठी पुली असते ना, सगळा क्लच तिच्या पोटात. बाहेरचं कव्हर काढलं की समोर तीन नट. गिअरबॉक्स फोडायचा नाही, काही नाही. हे बघून खरं सांगतो, मला आपल्या नव्या ट्रॅक्टरांचा रागच आला.

इंजिन बंद करून कॉटर पिना काढल्या, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घातलेल्या पिना. त्यातली एक नवी होती, म्हणजे कोणीतरी आधी हात मारलेला. आणि तोच नट बाकीच्या दोघांपेक्षा चांगला घट्ट. एकच नट आवळला की प्लेटा तिरक्या दाबल्या जातात, एका बाजूला घासतात, दुसरीकडं सुटतात, मग स्लिप होणारच. तो सैल केला, तिन्ही एका लेव्हलला आणले. इथपर्यंत बरोबर. पुढं मी शहाणपणा केला. स्लिप होतोय ना, मग आवळा! चांगले दाबून आवळले तिन्ही, तर क्लचचा हाताचा लिव्हर पुढं जाईना, अर्ध्यावरच अडकला. या क्लचला लिव्हर सेंटर ओलांडून 'खट्' करून बसावा लागतो, मगच तो धरतो. अर्ध्यावर राहिला तर घट्ट असूनही घसरतो आणि प्लेटा जाळतो. काका बाजूला उभे होते, बोलले काहीच नाहीत, फक्त हसले.

मग परत मागं. फ्लायव्हील हाताने फिरवून एकेक नट समोर घ्यायचा, एकेक खाच आवळायचा, म्हणजे नटाच्या एका पूर्ण वेढ्याचा सहावा हिस्सा, तिन्ही झाले की लिव्हर ढकलून बघायचा. सैल. परत एकेक खाच. अजून सैल. चौथ्या फेरीला हाताला चांगला जोर लागला आणि खटका बसला, कोपरापर्यंत जाणवला. पिना घातल्या, नव्या. जुन्या परत वापरायच्या नाहीत, फिरत्या पुलीतला नट सुटला तर काय होईल विचार करा.

ट्रायल मीच घेतली. पहिला गिअर, लिव्हर पुढं, निघाला मस्त. समोर शेडची भिंत आली, आणि अठरा वर्षांची सवय, डावा पाय गेला खाली! खाली पॅडल होतं, पण ते डाव्या चाकाच्या ब्रेकचं. या ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना वेगवेगळे ब्रेक. डावं चाक अडलं आणि अख्खा ट्रॅक्टर गर्रकन डावीकडं वळला, बाजूला ठेवलेल्या ड्रमच्या दिशेनं. मी अजून जोरात पाय दाबतोय, तो अजून वळतोय. काका ओरडले, "हात! हात मागं घ्या!" लिव्हर मागं ओढला तेव्हा थांबला, ड्रमपासून वीतभर अंतरावर. घाम फुटला होता.

नंतर लिव्हर पूर्ण मागं ओढून बघितलं, पुली लगेच थांबते का. तिला एक छोटा ब्रेक असतो, तो धरला नाही तर गिअर टाकताना करकर वाजतं. धरत होता.

संध्याकाळी नांगर घालून बघितला. इंजिनचा आवाज जड झाला, माती उलटत गेली, वास नाही. काका नांगरलेल्या तासाच्या टोकाला थांबले, आणि काही कारण नसताना न्यूट्रलमध्ये दोन-तीनदा लिव्हर पुढं-मागं केला. खट्. खट्.