केक कापला जाईपर्यंत : आमची वाटचाल

बडोद्यातील दांडिया बाजारातल्या राहत्या घरी, एका छोट्या ओव्हनवर, नातेवाइकांच्या वाढदिवसांचे केक करत आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. स्वागत समारंभात तीन मजली केक कापण्याची पद्धत इथल्या मराठी आणि गुजराती घरांत जशी रुळत गेली, तशा त्या ऑर्डरीही येऊ लागल्या आणि हा व्यवसाय निराळाच आहे हे आमच्या लक्षात आले. वाढदिवसाचा केक गिऱ्हाईक स्वतः घेऊन जाते आणि तो बिघडला तर दुसरा देता येतो. लग्नाचा केक आम्हालाच भायली, सेवासी किंवा आजवा रोडवरच्या पार्टी प्लॉटवर, म्हणजे समारंभांसाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या जागेवर, न्यावा लागतो, तिथे रचावा लागतो, आणि वधूवर स्टेजवर येईपर्यंत तो उघड्या हवेत उभा राहतो. आजवर आम्ही ज्या संकटांना तोंड दिले, ती बहुतेक या शेवटच्या काही तासांतली आहेत.

आमच्याकडच्या बहुतेक ऑर्डरी बिनअंड्याच्या केकच्या असतात. अंडे भाजताना घट्ट होऊन स्पंजला जो आधार देते, तो कंडेन्स्ड मिल्क किंवा दही आणि सोडा घालून केलेल्या स्पंजाला तितकासा मिळत नाही. हा स्पंज मऊ आणि भुसभुशीत होतो, खायला उत्तम लागतो, पण वरचे वजन पेलत नाही. म्हणून प्रत्येक मजला स्वतःच्या बोर्डवर बसवायचा आणि त्याच्या खालच्या मजल्यात एकसारख्या उंचीच्या दांड्या रोवायच्या, म्हणजे वरचा भार दांड्यांवरून थेट खाली उतरतो आणि स्पंजावर पडत नाही. एखादी दांडी किंचित आखूड कापली गेली, तरी तासाभरात केक कलू लागतो. मोठ्या केकचे मजले आम्ही वेगवेगळ्या खोक्यांतून नेतो आणि जागेवरच रचतो, कारण गतिरोधकावर एकदा बसलेला हादरा रचलेल्या केकला सोसत नाही.

दुसरा प्रश्न हवेचा आहे. वैशाखात बडोद्याचा पारा 40 अंशांच्या वर जातो आणि लोणी साधारण 32 ते 35 अंशांना वितळते, त्यामुळे उघड्या जागेसाठी त्या दिवसांत बटरक्रीमची ऑर्डर आम्ही घेतच नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. त्याऐवजी गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीम यांच्या मिश्रणाचा थर, सुचवतो. एरवी डार्क चॉकलेट आणि क्रीम यांचे प्रमाण दोनास एक धरतो, तर उन्हाळ्यात चॉकलेट त्याहून वाढवतो, म्हणजे थर घट्ट राहतो. पावसाळ्यात फॉन्डंट, म्हणजे केकवर चढवायचे साखरेचे लाटलेले आवरण, त्रास देते. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि फ्रिजमधून काढलेला केक दमट हवेत आला की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. अशा वेळी घाबरून तो पुसू लागले की रंग पसरतो. पंख्याखाली स्वस्थ ठेवला तर तो आपोआप कोरडा होतो. नव्या माणसाला हात आवरायला शिकवणे हेच इथे सर्वांत अवघड जाते.

एका समारंभात आमच्या कारागिराने केक रचून, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून टेबल यजमानांच्या ताब्यात दिले होते. त्यानंतर मांडववाल्यांच्या माणसांनी ते टेबल हिरवळीवरून ओढत स्टेजजवळ नेले. एक पाय मातीत रुतला, मधला मजला सरकला आणि खालच्या मजल्याची कड फुटली. केक कापेपर्यंत आमचे माणूस तिथून हलत नाही, हा नियम त्या दिवशी कामी आला. कारागिराने वधूला किंवा तिच्या आईला काही सांगितले नाही. तो थेट वधूच्या मामांकडे गेला. मामांनी एवढेच विचारले, "किती वेळ लागेल?" वीस मिनिटे लागतील असे कळताच त्यांनी नातेवाइकांची छायाचित्रे आधी उरकून घ्यायला लावली. तेवढ्या वेळात वरचे दोन्ही मजले बोर्डांसह उतरवून, दांड्या नव्याने रोवून, फुटलेली कड मागच्या बाजूला फिरवून तिच्यावर सोबत नेलेले क्रीम आणि फॉन्डंटची फुले लावली गेली. जास्तीचे क्रीम, पायपिंग बॅगा, पॅलेट नाइफ, दांड्या आणि फॉन्डंटचे गोळे असलेली पेटी आमच्या प्रत्येक गाडीत असते. चूक कोणाची, हा विषय त्या रात्री आम्ही काढला नाही. माझ्या मते तो समारंभात काढूच नये. हिशेब दुसऱ्या दिवशी होतो आणि तोवर सर्वांची डोकीही थंड झालेली असतात.

फुटलेली जागा झाकण्यासाठी स्टेजवरची ताजी फुले उपटून केकमध्ये खोचण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देते. तो आम्ही कधीच मानत नाही. कण्हेर विषारी असते, आणि सजावटीच्या गुलाबांवरही कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते. केकचे रूप थोडे उणे राहिले तरी चालेल, पण पाहुण्यांच्या पोटाशी खेळ होता कामा नये.

2020 मध्ये कोरोनामुळे लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली आणि मोठ्या केकच्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या. यजमानांना छायाचित्रांसाठी उंच केक हवा असे, खाणारे मात्र मोजकेच असत. तेव्हापासून खालचे मजले थर्माकोलचे आणि वरचा खरा, अशी रचना आम्ही करू लागलो आणि ती पुढेही टिकली, कारण थर्माकोल खचत नाही. कोणता मजला खरा आहे हे ऑर्डरच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते आणि केक कापण्यापूर्वी आमचे माणूस वधूवरांना सुरी कुठे लावायची ते दाखवते.

आता ऑर्डर घेताना चवीच्या आधी आम्ही जागा उघडी की बंद, केक किती वाजता कापणार आणि गाडी स्टेजपासून किती अंतरावर थांबेल, हे विचारतो. कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत (मकर संक्रांतीपर्यंत), इथे लग्ने जवळजवळ नसतात. त्या महिन्यात नव्याने आलेल्या मुलींना आम्ही तीन मजली केक रचायला लावतो, त्याचा मधला मजला मुद्दाम ढकलून देतो आणि घड्याळ लावून त्यांच्याकडून तो पुन्हा उभा करून घेतो.