चार पुतळा चौक, कागदावर

सोलापूरला लग्नाला गेलो होतो. मुहूर्त दुपारचा, त्यामुळे सकाळ मोकळी होती. वही, रंगांची छोटी पेटी घेतली आणि चार पुतळ्याला उतरलो.

इमारतीपेक्षा चौक काढणं अवघड. चौकात निम्मं जग हलत असतं आणि जे हलत नाही त्याच्यापुढे फ्लेक्स उभा असतो. चहाच्या गाड्याशेजारी सावली धरून बसलो. आधी पेन्सिलीने फिकट अशी नजरेच्या उंचीची आडवी रेघ मारली. आपण बसलेलो असलो की उभ्या माणसांच्या साधारण छातीवरून ही रेघ जाते, माणूस जवळचा असो वा लांबचा. ती एकदा धरली की गर्दी आपोआप जमिनीवर उभी राहते. पुतळे त्या रेघेच्या वर, म्हणजे ते खालूनच बघायचे. रिक्षा मात्र एका जागी थांबत नाहीत. एकीचं टप, दुसरीचं चाक, तिसरीचा ड्रायव्हर असं जुळवून एक रिक्षा केली.

शाईचं पेन काढलं तेवढ्यात मागून आवाज, "काय काढायलाव?" एक आजोबा होते. वही निरखून बघितली आणि बोटांवर मोजत म्हणाले, "धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. आणि तुम्ही चौघांना एकच तोंड दिलाव की!"

खरं तर मापात एवढ्या अंतरावरचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं येतं, त्यात चेहरा मावत नाही. पण मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली, म्हणून तर हा चौक आहे. मग मापाला काय चाटायचंय? पेन्सिल खोडली. पुतळे मापापेक्षा मोठे केले, रिक्षा लहान केली, फ्लेक्स तर पूर्ण वगळले. विजेच्या तारा तेवढ्या ठेवल्या, त्यांनी वरची रिकामी जागा छान बांधली जाते. आजोबा शाई फिरेपर्यंत थांबले, एका चेहऱ्याची हनुवटी दुरुस्त करायला लावली, मग चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

रंगाला वेळ कमी होता. या उन्हात रंग पसरायच्या आत वाळतो, म्हणून आकाशाचा कागद आधी नुसत्या पाण्याने भिजवून मोठ्या ब्रशने एकच हात दिला. पुतळ्यांच्या सावलीच्या बाजूला करडा रंग, बस्स. वही लगेच मिटता आली. अक्षतांना वेळेत पोचलो.