सिरपूरचा चौथा रविवार: आर१० चा फोकस कुठून सुरू करायचा

आज पहाटे सव्वासहाला इंदूरच्या सिरपूर तलावाकडे जायला धार रोडला लागलो तेव्हा गाडीच्या काचेवर दव होतं. सोबत भाची होती, तिला पक्षी माझ्याआधी दिसतात. कॅमेरा तोच, कॅनन आर१०, त्यावर आरएफ १००-४०० ही झूम लेन्स. बॅटरी-कार्डासह बॉडी ४२९ ग्रॅम आणि लेन्स ६३५, म्हणजे सगळं मिळून किलोच्या जरासं वर. दोन तास गळ्यात अडकवून हिंडलो तरी मान धरली नाही.

आधीचे तीन रविवार एकाच सेटिंगवर गेले: सर्वो (हलत्या विषयावर सतत फोकस), विषय प्राणी, फोकसची जागा अख्खी फ्रेम. काठावर बसलेली ढोकरी किंवा उघड्या चिखलात चालणारा शेकाट्या असेल तर याहून जास्त काही लागत नाही. शेकाट्याच्या लाल डोळ्यावर फोकसची चौकट बसते आणि तो मान फिरवेपर्यंत हलत नाही. पण सिरपूरची खरी मजा पाणकणसांत आहे, आणि माझं घोडं तिथंच अडत होतं. जांभळी पाणकोंबडी आतून चालत होती, मी बटण दाबून धरलं होतं. बाजूने स्क्रीनवर बघत भाची म्हणाली, "मामा, पक्षी तर जागेवरच आहे, मग चौकट का पळतेय?"

तिथंच थांबून आम्ही दोघांनी नीट बघितलं. पक्ष्याचं डोकं दांड्यामागे गेलं की कॅमेऱ्याला डोळा दिसत नाही. मग तो फ्रेमभर दुसरं काहीतरी शोधतो, आणि जवळचं, ठळक कडांचं तपकिरी कणीस त्याला आयतं सापडतं. पक्षी ओळखण्यात तो कमी पडत नव्हता. शोध कुठून सुरू करायचा हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

म्हणून दोन बटणं वाटून घेतली. एएफ-ऑनवर लवचिक झोन, म्हणजे फोकस शोधायची हवी तेवढी जागा, अगदी लहान केलेली. शेजारच्या तारा-बटणावर डोळा ओळखणारा फोकस. आधी अंगठा एएफ-ऑनवर, झोन पक्ष्याच्या छातीवर. फोकस तिथं आला की अंगठा ताऱ्यावर सरकवायचा, आता पुढचं काम कॅमेऱ्याचं. जोडीला सर्वोच्या तयार सेटिंगपैकी केस २ लावली, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी तो विषय लगेच सोडत नाही. पाणकोंबडी पुन्हा बाहेर आली, एक पाय उचलून कोंब सोलत उभी राहिली. चोचीच्या मुळाशी पाण्याचा थेंब होता. त्या मालिकेत दहातले सात-आठ फोटो डोळ्यावर धारदार आले. गेल्या रविवारी दहात तीन मिळाले तरी मी खूश होतो.

याची किंमतही लगेच कळली. अडईंचा थवा उठला, मला पुढची अडई हवी होती, आणि केस २ मागचीलाच धरून बसली. तेव्हा केस २ फक्त कणसांत, मोकळ्या पाण्यावर परत केस १, म्हणजे सर्वसाधारण सेटिंग.

कवड्या खंड्याने मात्र दमवलं. तो एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि क्षणात सरळ खाली. रॉ बर्स्ट या वेगाने सलग फोटो घेणाऱ्या मोडमध्ये प्री-शूटिंग आहे, बटण पूर्ण दाबण्याआधीचा अर्धा सेकंदही जपला जातो, त्यामुळे सूर मारण्याचा क्षण हाताला लागला. पण हा मोड इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतो. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि तेवढ्या वेळात पंख पुढे गेलेला असतो. म्हणून फोटोत पंख रबरासारखा वाकलेला दिसतो. बसलेल्या पक्ष्याच्या उडीसाठी ठीक, फडफडणाऱ्या पंखासाठी मी तरी मेकॅनिकल शटरच वापरणार. सेकंदाला १५ फ्रेम पुष्कळ झाल्या.

जुन्या डीएसएलआरवरून येणारे विचारतात की ४०० ला एफ/८, म्हणजे कमी उजेड आत घेणाऱ्या लेन्सवर फोकस चालतो का. छान चालतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा सेन्सर वेगळा, खाली बसवलेला असायचा. बरेच कॅमेरे एफ/५.६ च्या पुढे हात टेकायचे, काहींचे मधले मोजके बिंदू एफ/८ पर्यंत पोचायचे. इथं फोटो घेणारा सेन्सरच फोकसही मोजतो, त्यामुळे फोकस पक्ष्याच्या पुढे-मागे पडण्याची ती जुनी कटकटही गेली. अडचण उजेडाची आहे. सकाळी सातला शटर १/२००० ठेवलं की आयएसओ थेट ६४०० वर, आणि पिसांची बारीक नक्षी पुसट होते.

अजून एक गोष्ट, कारण मी यावर एक अख्खी सकाळ घालवली आहे. दहानंतर दूरचे सगळे फोटो मऊ येऊ लागले तर सेटिंगला हात लावू नका. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, आणि त्यावर कुठलाही फोकस इलाज करू शकत नाही. त्याच सेटिंगवर दहा फुटांवरच्या टिटवीचा फोटो घ्या. ती धारदार आली तर कॅमेरा ठीक आहे.

रात्री ५० एफ/१.८ लेन्स घेऊन सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, चक्कर मारली. बॉडीत स्थिरीकरण नाही हे तिथं जाणवतं, १/१२५ च्या खाली माझा हात हलतो. जिलेबीच्या कढईवरच्या वाफेतूनही चेहरा सापडत होता, मागे उघडा बल्ब आला की शोधाशोध व्हायची. यावर नीट बसायचं राहिलंय.

पुढच्या रविवारी यशवंत सागर तलाव. सारस मोठा, संथ, पण त्याची जोडी एकमेकांसमोरून चालते. तिथं केस १ आणि केस २ एकाच जोडीवर आलटून पालटून लावून बघणार आहे.