थंडी गायब आणि घोंगडी ताण्यावर

जानेवारीचा दुसरा आठवडा आणि नाशकात पंखा दोनवर. एरवी याच दिवसांत निफाडचा पारा चार-पाचवर उतरल्याची बातमी आली की आम्ही नाशिककर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना स्क्रीनशॉट पाठवून उगाच भाव खातो, यंदा पाठवायलाच काही नाही. तरी आईने बजावलं म्हणून स्वेटर घालून अ‍ॅक्टिव्हा काढली, शिंदे-पळसे येईस्तोवर तो डिकीत गेला.

कशाला निघालो होतो तर घोंगडी आणायला. गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून 'शुद्ध लोकरीची' म्हणून एक घेतली होती, ती अंगावर घेतली की घाम येतो पण ऊब येत नाही, आणि अंधारात झटकली की चटचट ठिणग्या उडतात. सिन्नरचा मित्र म्हणाला, अरे आमच्याकडे एक बाबा अजून खड्ड्याच्या मागावर (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग) विणतात, तिकडे जा. मोहदरी घाट चढलो, सिन्नरला मिसळ हाणली, गोंदेश्वराला बाहेरूनच हात जोडले (आत गेलो की दोन तास जातात, अनुभव आहे) आणि शिर्डी रोडने वावीच्या अलीकडे आत वळलो.

हा सिन्नरचा पूर्वभाग म्हणजे कोरडा, पावसाच्या सावलीतला. रस्त्यात एकाला पत्ता विचारायला थांबलो तर तो पत्ता सोडून गव्हावरच बोलत बसला, थंडी नाही म्हणून फुटवे कमी आलेत, इतक्यातच ओंबी बाहेर पडायला लागलीय, दाणा बारीक राहणार, आणि या ढगांनी हरभऱ्यात घाटेअळी वेगळीच. पुढे कापलेल्या वावरात धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा मुक्काम, उतरलेला, जाळीच्या आत मेंढरं, बाजूला सामान वाहायचं घोडं. रात्री मेंढरं बसवली की वावराला खत मिळतं म्हणून शेतकरी त्यांना धान्य नाहीतर पैसे देतात. शेकोटीची राख होती पण विझलेली, रात्री पेटवावीच लागली नाही म्हणे.

बाबांचं घर म्हणजे पत्र्याची पडवी. आजी दारातच बसलेल्या, धनुकलीवर (पिंजायच्या धनुष्यावर) पिंजलेल्या काळ्या लोकरीचा पेळू, म्हणजे सैल गुंडाळी, डाव्या हातात, उजव्या हाताने चरखा. हात किती वर जातो आणि कुठे थांबतो ते बघत राहावं असं, सूत तुटलं की थुंकीचं बोट लावून नुसतं चोळायचं, गाठ मारायची नाही. मी पण करून बघितलं, तीनदा तुटलं. आजी म्हणाल्या, "तुमी फोटू काढा, त्येच बरं."

मी पिशवीतून माझी प्रदर्शनवाली घोंगडी काढली. बाबांनी एक धागा उपसला, काडी ओढली, धागा वितळून टोकाला कडक मणी झाला. मग आपला एक धागा पेटवला, केस जळाल्यासारखा वास आणि बोटात चुरली की नुसती राख. "ही प्लास्टिक हाये दादा." दोनच शब्दांत माझ्या दीड हजाराचा निकाल.

आणि यांच्याकडे माझ्यासाठी एकही तयार नव्हती. झालं असं की ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, लावलेला होता अंगणात, लांबच्या लांब, दोन्हीकडे खुंट्या, आणि त्याला चिंचोक्याची खळ दिलेली. चिंचोके भिजवायचे, टरफलं काढायची, वाटायचे, शिजवायचे, आणि ती खळ कुंच्याने सुतावर सारखी ओढत राहायची, म्हणजे लोकरीचे तंतू बसतात आणि मागावर ताणा तुटत नाही. पण ती वाळायला कडक ऊन लागतं. तीन दिवस आभाळ, सूत बोटाला चिकटत होतं. म्हणजे थंडी नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि ज्या ढगांनी थंडी घालवली तेच ढग माल पण होऊ देईनात! मी म्हटलं, बाबा हे भिजत घोंगडंच झालं की. ते इतके हसले की खोकला लागला.

पण घोंगडी थंडीचीच असं कोणी सांगितलं, हे त्यांचं म्हणणं. पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायची, खंडोबाच्या जागरणाला खाली अंथरायची, मेंढरामागे गेलेला माणूस तिच्यावरच झोपणार. खरा घोळ लोकरीचा आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, तिला मिलवाले विचारत नाहीत, आणि पैसा आता मटणात, त्यामुळे लोक माडग्याळ जातीचा नर लावतात, ती मेंढी मोठी होते पण तिच्या अंगावर लोकर जवळपास नसतेच. उरलेल्यांची वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते, मजुरी खिशातून जाते आणि लोकर कधीकधी उकिरड्यावर. बाबा तीच गोळा करून आणतात.

गावातली पोरं पतंग उडवत होती, त्यावरून आजींना त्यांचं येवल्याचं माहेर आठवलं. तिकडे संक्रांतीला तीन दिवस पतंग, आणि फिरकीला म्हणायचं आसारी. पैठणीचं रेशीम उकलायच्या लाकडी साधनालाही आसारीच म्हणतात, हे मला नाशकात राहून माहीत नव्हतं.

माझ्या घोंगडीच्या दोन पट्ट्या विणून मधोमध शिवणार, नवी टोचेल, दोन-तीन धुण्यांत खळ गेली की मऊ पडेल, असं सगळं ऐकून पाचशे ॲडव्हान्स दिले. परत येताना घाटात भुरभुर सुरू झाली, डिकीतला स्वेटर काढून घातला, तो पण भिजला. दारातच आईने विचारलं, कुठंय घोंगडी? म्हटलं, अंगणात वाळतेय, त्यांच्या.