सोलापूर–कुडल–अक्कलकोट: एक फोन, एक फाटका नकाशा आणि सीनेवरचा बंधारा

जाणाऱ्यांसाठी सगळ्यात आधी एक सूचना. फोनवर नुसतं ‘कुडल’ टाकू नका. सिंधुदुर्गातलं कुडाळ येतं, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं बसवेश्वरांचं कूडलसंगम येतं, आणि आपलं दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, भीमा-सीनेच्या संगमावरचं, जुन्या देवळांचं कुडल त्यांच्या खाली कुठंतरी दडून बसतं. माझा एक मित्र तीन तासांच्या वर वेळ दाखवत असताना ‘रस्त्याचं काम चालू असेल’ म्हणत निघाला. विजापूर मागं पडल्यावर बायकोनं विचारलं, “अजून भीमा आली नाही का हो?” आली होती, केव्हाच. तेव्हा ‘हत्तरसंग कुडल’ असं पूर्ण नाव टाका. सोलापुरातून जेमतेम चाळीस किलोमीटर आहे.

आम्ही गेलो डिसेंबरातल्या एका रविवारी. मी, बायको, मुलगी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णांनी उभं आयुष्य सोलापुरी चादरी आणि टॉवेल विकण्यात घालवलं. नमुन्यांची पेटी घेऊन मराठवाडा आणि कर्नाटकची सीमा पालथी घातली. त्या काळातला जिल्ह्याचा नकाशा त्यांच्याकडं अजून आहे. घड्यांवर चिकटपट्ट्या, त्याही आता पिवळ्या पडलेल्या. गावांच्या नावांशेजारी लाल शाईत बारीक अक्षरात आठवडी बाजाराचे वार: ‘मंगळ’, ‘गुरु’, ‘शनि’. एका गावापुढं नुसतं ‘उधार नाही’. तो नकाशा मांडीवर घेतल्याशिवाय ते गाडीत बसत नाहीत.

नकाशा जुना असण्याचे तोटे पहिल्या दहा मिनिटांतच कळले. त्यात पुणे–हैदराबाद रस्ता ‘रा. म. ९’ आहे, आता तो ६५. विजापूरचा रस्ता ‘१३’, आता तो ५२. धाराशिव अजून उस्मानाबादच आहे, आणि विजापूर हे विजापूरच (पाटीवर विजयपुरा वाचलं की मुलीला वाटतं दुसरंच गाव आलं). चौपदरी रस्ता, वळणरस्ते, उड्डाणपूल यांतलं काहीच त्यात नाही. इथं फोनला तोड नाही. खाली सेवा रस्त्यानं राहायचं की पुलावर चढायचं, एवढं मात्र तो उशिरा सांगतो. पाटीवर डोळा ठेवा आणि चुकलं तर पुढं जाऊन वळा. पुलाच्या तोंडाशी गाडी रिव्हर्स घेणारे रोज दिसतात.

वडकबाळला सीना ओलांडली. पुढं तेरामैल. हे नाव मला फार आवडतं, मैलाचे दगड गेले पण गावकऱ्यांच्या तोंडी आकडा राहिला. भीमेच्या पुलाआधी डावीकडं वळलो, तिथून दोन नद्यांच्या मधला पट्टा सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये शाळूची हिरवी शेतं. इथं फोनची रेंज गेली.

आता हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथंच घाबरतात. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश घेऊन आपली जागा काढतो, ते काम रेंज नसतानाही चालतं. नेट लागतं ते खालचं चित्र आणण्यासाठी. म्हणून आमचा निळा ठिपका मजेत पुढं सरकत होता आणि त्याच्या खाली नुसत्या राखाडी चौकटी होत्या. घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला असता तर हा प्रश्नच नव्हता. मी ठेवला नव्हता. मग अण्णांचा नकाशा उघडला, तर संगम नेमका घडीच्या टोकावर आणि तिथं कागदाला भोक. बोट घातलं तर आरपार जात होतं. शेवटी एका मेंढपाळाला अण्णांनी कन्नडात विचारलं आणि पंधरा मिनिटांत देवळापाशी पोचलो.

संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. तो उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. शेवटी ‘वाचेल तो विजयी होईल’ अशा अर्थाची ओळ आहे. अण्णा हातातला नकाशा वर करून म्हणाले, “बघ, हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.” शेजारच्या आवारातलं ३५९ मुखांचं शिवलिंग चुकवू नका, आणि जाताना बॅटरी न्या. लेख आणि कोरीव काम दोन्ही तिरप्या उजेडातच नीट उठून दिसतात.

आता मुख्य गोष्ट. इथून अक्कलकोटला जायचं होतं. थोडं वर आल्यावर रेंज मिळाली, फोननं रस्ता काढला. सोलापूरला परत न जाता थेट सीना ओलांडून, जवळजवळ निम्मं अंतर. अण्णा म्हणाले, “अरे, पण पूल कुठाय?” मी म्हणालो, असेल नवीन. त्यांच्या नकाशावर सीनेची निळी रेघ होती आणि तिला छेदणारी तांबडी रेघ त्या भागात एकही नव्हती. मी बघितलं, पण मनावर घेतलं नाही.

डांबरी संपली, मुरूम लागला, मग बैलगाडीच्या चाकोऱ्या. दोन्हीकडून ऊस काचांना घासत होता. आणि एकदम समोर नदी. नदीवर कोल्हापुरी बंधारा, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकलेले, पाणी काठोकाठ, आणि वरून जेमतेम एक मोटारसायकल जाईल एवढी काँक्रीटची पट्टी. फोन शांतपणे सांगत होता, ‘सरळ जा’.

पाण्याची मोटार चालू करायला आलेला एक शेतकरी उसातून बाहेर आला. त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “हितनं फटफटी जाती. गाडी न्हाई जायची.” असे आणखी किती येतात, असं विचारलं तर हसला. “हप्त्याला एकांदा तरी.”

वळायला जागा नव्हती. पाऊण किलोमीटर रिव्हर्समध्ये आलो, मुलगी मागच्या काचेतून ‘बाबा, डावं, डावं’ करत होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर फोन हातात घेतला तेव्हा कळलं की वर मोटारसायकलचं चित्र निवडलेलं होतं. मी रोज कामाला दुचाकीवर जातो, ते तसंच राहिलं होतं. फोननं दुचाकीचा रस्ता अचूक दाखवला होता. तोवर मी त्याला शिव्या दिल्या त्या फुकट गेल्या.

तरी अण्णांचा प्रश्न मला सोडत नाही. चालवताना फोनवर पुढचे चारशे मीटर दिसतात. आपण दोन नद्यांच्या बेचक्यात आहोत आणि बाहेर पडायला पूल लागणार, हे त्या चौकोनात दिसत नाही, अख्खा जिल्हा मांडीवर पसरला की दिसतं. आता मी निघण्याआधी एवढंच करतो: कागदावर नद्या बघतो, त्यांवरचे पूल मोजतो, आणि फोननं काढलेला रस्ता नदी कुठं ओलांडतो ते उपग्रहाच्या चित्रावर मोठं करून बघतो. बंधारा आणि पूल यांतला फरक वरून लगेच ओळखू येतो. पाच मिनिटांचं काम.

बाकी किरकोळ. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघत चला: पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य मार्ग, केशरी म्हणजे गावचा रस्ता. फोन ‘महामार्गानं’ म्हणत असेल आणि दगड केशरी दिसत असेल तर थांबा. फोन समोरच्या काचेला चिकटवू नका, आपल्याकडच्या उन्हात तो तापून बंद पडतो. एसीच्या झडपेपाशी लावा. हंगामात अंधार पडायच्या आत आडरस्ते सोडा, उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो आणि हे कुठलाच नकाशा सांगत नाही. रस्ता विचारताना ‘हा रस्ता जातो का’ असं विचारू नका, उत्तर ‘जातो’ असंच येतं. ‘चारचाकी जाते का’ असं विचारा.

सोलापूर फिरून अक्कलकोटला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्ता चांगला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दर्शन झालं, अन्नछत्रात जेवलो. घरी आल्यावर अण्णांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि सीनेच्या निळ्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं: ‘बंधारा. फटफटी फक्त.’ मग भोकावर नवी चिकटपट्टी लावली.